पावणेनऊ लाख खिळे

कोणते सैन्य कोणत्या साली कोणत्या प्रांतात शिरले, कोणता किल्ला कोणी केव्हा सर केला, याच्या तारखा आपण शाळेत पाठ केलेल्या असतात. तेच सैन्य त्या प्रांतातून केव्हा आणि कसे निघून गेले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक ठाणे उठविणे हे काम ठाणे बसविण्याइतकेच, किंबहुना त्याहूनही अवघड असते. ज्यांचे आयुष्य बदलीच्या नोकरीत गेले त्यांना हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. नव्या गावी रुजू होण्यास एक सही पुरते. पण जुने गाव सोडताना नोंदवहीतील प्रत्येक खुर्ची, प्रत्येक कपाट, प्रत्येक कंदील मोजून द्यावा लागतो. मोडक्या खुर्चीचे निर्लेखन करावयाचे, ती लिलावात काढावयाची, की मागून येणाऱ्याच्या माथी मारावयाची, या प्रश्नावर शेवटचे आठ दिवस जातात. चार खोल्यांच्या कचेरीची ही कथा, तर पाच हजार शिपायांची शिबंदी एखाद्या परमुलखातून कायमची हलवावयाची झाली म्हणजे तिच्या भांडाराचे काय करीत असतील?

या प्रश्नाचे एक अत्यंत बोलके उत्तर स्कॉटलंडमधील टे नदीच्या काठी जमिनीत पुरून ठेवलेले होते. ते पुरले गेले इसवी सनाच्या पहिल्या शतकात, आणि बाहेर आले १९६० च्या सुमारास. मधली जवळजवळ पावणेएकोणीस शतके ते तसेच पडून होते.

पर्थ आणि ब्लेअरगावरी या गावांच्या दरम्यान टे नदीच्या उत्तर तीरावर एक उंच, सपाट पठार आहे. त्याचे नाव इंचटुथिल. या पठारावर रोमन लोकांनी एका संपूर्ण लीजनसाठी कायमचा तळ बांधावयास घेतला. लीजन म्हणजे सुमारे पाच हजार पायदळाची रोमन पलटण. साम्राज्याच्या लष्करी बळाचा कणाच तो. त्या काळी ब्रिटनमध्ये अशा चार लीजन होत्या. ब्रिटनचा सुभेदार अग्रिकोला याने उत्तरेकडील कॅलेडोनियन टोळ्यांवर स्वारी करून इ. स. ८३ किंवा ८४ मध्ये मॉन्स ग्राउपियस येथे त्यांचा पराभव केला. त्याच सुमारास हा तळ उभा राहू लागला. डोंगराळ मुलखातून मैदानात उतरणाऱ्या वाटा जेथे एकवटतात, त्यांच्या तोंडाशीच ही जागा आहे. तिची निवड करणाऱ्याची नजर आपल्याकडील एखाद्या घाटाच्या तोंडाशी चौकी बसविणाऱ्या मराठी सरदाराच्या नजरेहून वेगळी नव्हती.

तळाचे क्षेत्रफळ ५३ एकर. त्याच्या भोवती खंदक आणि मुळांसकट कापून काढलेल्या गवताळ मातीच्या ढेपळांचा तट. त्या तटाला बाहेरून पुढे दगडी भिंतीचे अस्तर दिलेले. आत सरळ रेषेत आखलेले रस्ते, शिपायांच्या राहण्याच्या चौसष्ट बराकी, धान्याची सहा कोठारे, लोहारखाना, कवायतीची मोठी पडवी आणि एक विस्तीर्ण रुग्णालय. हे सारे बांधकाम लाकडाचे व कुडाच्या भिंतींचे होते. पण त्यावरून ते तात्पुरते होते असे समजू नये. लीजनने येथे पिढ्यान्‌पिढ्या राहावयाचे, या हिशेबानेच त्याची आखणी झाली होती. मात्र बांधकाम अपुरे होते. लीजनच्या सेनापतीच्या वाड्यासाठी जागा राखून ती सपाट करून ठेवली होती, पण वाडा उभाच राहिला नाही. आणखी कोठारांसाठी सोडलेली जागाही मोकळीच राहिली. काम चालू असतानाच वरून हुकूम आला.

हा हुकूम निघण्याचे कारण ब्रिटनमध्ये नव्हते. ते शेकडो कोस दूर, डॅन्यूब नदीच्या काठी होते. इ. स. ८५ मध्ये डेशियन लोकांनी ती नदी ओलांडली आणि मीसिया प्रांताचा सुभेदार ऑपियस सबायनस याला ठार मारले. त्याचा सूड घेण्यास गेलेला सम्राटाच्या खास रक्षकदळाचा प्रमुख कॉर्नेलियस फस्कस हाही पुढे एक-दोन वर्षांतच आपल्या सैन्यासह नष्ट झाला. डॅन्यूबची सीमा फुटली तर इटलीचे दार उघडे पडते. उलट टे नदीची सीमा सोडली तर रोममधील कोणाची झोप उडत नाही. डोमिशियन बादशहाने हा हिशेब केला आणि ब्रिटनमधील चारपैकी एक लीजन डॅन्यूबकडे हलविली. उरलेल्या तीन लीजनना संपूर्ण बेट सांभाळावयाचे होते. त्यामुळे अगदी उत्तरेच्या टोकावरची, बहुधा विसावी, लीजन दक्षिणेकडे घेणे भागच पडले. इंचटुथिलचा एकही वेढा उठवावा लागला नव्हता, की तेथे एकही पराभव झाला नव्हता. दोन हजार किलोमीटरांवरच्या एका आपत्तीने हे ठाणे उठविले. आपली कचेरी बंद करण्याचा निर्णय ज्या टेबलावर होतो त्या टेबलावर आपल्या कामाची फाइल पुष्कळदा उघडलेलीही नसते. हा अनुभव काही केवळ आपल्याच काळाचा नव्हे.

ठाणे नेमके केव्हा उठले, हे एखाद्या बखरीवरून नव्हे तर काही तांब्या-पितळेच्या नाण्यांवरून कळते. तेथे सापडलेल्या नाण्यांपैकी सर्वांत अलीकडची नाणी इ. स. ८६ मध्ये पाडलेली असून ती जवळजवळ कोरी आहेत. हातोहात फिरलेले नाणे झिजते. ही झिजलेली नाहीत. म्हणजे ती शिपायांच्या हाती पडल्यानंतर थोड्याच अवधीत, ८६-८७ च्या सुमारास, तळ मोडण्यात आला. बांधावयास घेतल्यापासून मोडेपर्यंत जेमतेम चार वर्षे.

या जागेचे पद्धतशीर उत्खनन सर इयन रिचमंड आणि जे. के. सेंट जोसेफ यांनी १९५२ पासून १९६५ पर्यंत, दर उन्हाळ्यात थोडे थोडे, असे केले. लाकडी इमारतीचे अवशेष म्हणजे दगडांच्या राशी नव्हेत. खांबांसाठी खणलेले चर, त्यांत भरलेल्या मातीचा निराळा रंग, एवढ्यावरूनच सारा नकाशा वाचावा लागतो. हे काम करणाऱ्याला चिकाटी तर हवीच, पण त्याहूनही अधिक, मातीवर विश्वास हवा. रिचमंड यांच्यापाशी तो होता. आणि त्या मातीने त्यांना तळ कसा बांधला याच्याबरोबरच तो कसा मोडला, हेही सांगितले.

मोडण्याच्या कामात कोठेही घाई दिसत नाही. पळ काढणारे सैन्य आग लावते आणि जाते. येथे तसे घडले नाही. इमारतींचे वासे आणि खांब एकेक करून सोडविण्यात आले. ते उपटताना वाकलेले खिळे जागोजागी पडलेले सापडले. उपयोगी लाकूड वाहून नेण्यात आले. तटाला लावलेली दगडी भिंत चढविली होती त्याच काळजीने उतरविण्यात आली. सांडपाण्याचे एक गटार स्वच्छ वाळू-खडी भरून मुद्दाम बुजविलेले आढळले. आणि भांडारातील मातीची व काचेची भांडी? ती नेण्याच्या योग्यतेची नव्हती. वाटेत निम्मी फुटली असती. म्हणून ती सारी रस्त्याकडेच्या गटारात टाकून ठेचून ठेचून चूर करण्यात आली. एक वाटीही कोणाच्या हाती धड लागू नये, असा त्यात कटाक्ष होता.

ज्याने ही योजना आखली त्या अधिकाऱ्याचे नाव इतिहासाने ठेवलेले नाही. पण त्याची वहीच जणू आपल्यापुढे उघडी आहे. तिचे तीन रकाने होते, असे म्हणता येईल. पहिला रकाना न्यावयाच्या वस्तूंचा: माणसे, रुग्ण, शस्त्रे, धान्य, चांगले लाकूड. दुसरा मोडावयाच्या वस्तूंचा: भांडी, गटारे, भिंती. तिसरा रकाना सर्वांत अडचणीचा. त्यात ज्या वस्तू नेता येत नाहीत आणि मोडताही येत नाहीत, अशा वस्तू येतात. या रकान्यात त्याने लिहिले असेल: लोखंडी खिळे.

१९६० च्या सुमारास रिचमंड यांच्या मंडळींनी लोहारखान्याच्या जागी एक खड्डा उघडला. तो सुमारे बारा फूट खोल होता. वरचे सहा फूट स्वच्छ मातीने, कसलाही मागमूस लागू नये अशा रीतीने, दाबून भरलेले होते. त्याखाली गंजाचा एक जाड थर लागला; आणि त्या थराखाली खिळेच खिळे. दोन इंचांच्या चुकेपासून सोळा इंचांच्या, हातभर लांब मेखेपर्यंत. सोबत गाडीच्या चाकांच्या काही लोखंडी धावा. मोजदाद झाली तेव्हा खिळ्यांची संख्या भरली ८,७५,४००. पावणेनऊ लाखांवर चारशे! वजन सुमारे दहा टन. त्यांत साडेसात लाखांहून अधिक लहान खिळे होते. सर्वांत मोठ्या मेखा हजार-तेराशेच्या घरात होत्या. आश्चर्य असे की यांतील असंख्य खिळे आजच लोहाराच्या ऐरणीवरून उतरल्यासारखे होते. वरच्या व कडेच्या खिळ्यांनी आपल्या अंगावर गंज घेतला. त्याचे कवच बनले आणि आतपर्यंत हवा व पाणी पोचलेच नाही. बाहेरच्यांनी झिजून आतल्यांना राखले.

पावणेनऊ लाख खिळे म्हणजे काय, याचा क्षणभर विचार करावा. त्या काळी यंत्र नव्हते. प्रत्येक खिळा कोणीतरी लोहाराने भट्टीत तापवून, हातोडीने ठोकून, टोक काढून, माथा घडवून तयार केलेला. त्यामागे खाणीतून दगड काढणारे, कोळसा पाडणारे, भाते मारणारे हात. हा साठा पुढच्या बांधकामासाठी जमविलेला होता. सेनापतीच्या न झालेल्या वाड्याचे आणि न झालेल्या कोठारांचे खिळेही त्यातच असणार. हे सारे श्रम एका खड्ड्यात लोटून देण्याचा हुकूम देताना त्या अधिकाऱ्याचा हात जड झाला नसेल, असे मानणे कठीण आहे.

पण त्याच्यापुढचे पर्याय पाहा. दहा टन म्हणजे आपले पावणेतीनशे मणांच्या आसपास. एका खेचरावर तीन मण ओझे धरले तरी नव्वदाहून अधिक खेचरे केवळ खिळ्यांसाठी लागणार. आणि त्या वेळी प्रत्येक खेचर व प्रत्येक गाडी धान्य, तंबू, शस्त्रे आणि आजारी माणसे यांच्यासाठी हवी. शिवाय दक्षिणेत खिळे मिळत नव्हते असे नाही. नेण्याचा खर्च मालाच्या किमतीहून जड. विकावे, तर घेणारा कोण? आसपासच्या टोळ्या. आणि त्यांना लोखंड म्हणजे काय होते? तीन-चार वर्षांपूर्वी ज्यांनी मॉन्स ग्राउपियसवर रोमन सैन्याशी झुंज दिली त्यांच्या हाती दहा टन तयार लोखंड म्हणजे हजारो भाल्यांची फाळे आणि तरवारींची पाती. तसेच टाकून जावे, तरी परिणाम तोच. वितळवून टाकावे, तर वितळलेले लोखंडही लोखंडच. भांडे ठेचले म्हणजे भांडे राहत नाही. पण खिळा ठेचला तरी त्याचे लोखंडपण जात नाही. राहिला एकच मार्ग: पुरणे, आणि पुरल्याची खूण न ठेवणे. रोमन अधिकाऱ्याने तोच पत्करला, आणि तो इतक्या चोखपणे पार पाडला की कॅलेडोनियन लोकांना त्या खड्ड्याचा पत्ता कधीच लागला नाही.

टॅसिटस हा रोमन इतिहासकार अग्रिकोलाचा जावई. सासऱ्याने जिंकलेला मुलूख लगेच सोडून दिला गेला, याचा सल त्याच्या लेखनात उघड दिसतो. ब्रिटन पुरते जिंकले गेले आणि तत्काळ हातचे घालविले, अशा अर्थाची त्याची तक्रार आहे. जावयाची आणि इतिहासकाराची ही तक्रार समजण्यासारखी आहे. परंतु तिच्यात एका माणसाला जागा नाही. तो म्हणजे ज्याने हा घालविण्याचा हुकूम प्रत्यक्षात उतरविला, पाच हजारांचे ठाणे उठविले आणि शत्रूला एक खिळाही मिळू दिला नाही, तो भांडारप्रमुख. विजयाचे श्रेय अग्रिकोलाला मिळाले, माघारीचा दोष डोमिशियनला. आणि माघारीतील कर्तबगारी कोणाच्याच नावावर पडली नाही.

कर्तबगारी तर खरीच. तरीही त्या खड्ड्याकडे पाहताना एक प्रश्न राहतो. त्या लोखंडाचे केवळ भालेच झाले असते का? टे नदीच्या खोऱ्यात शेते होती, गुरे होती, घरे होती. नांगराचे फाळ, विळे, दाराच्या बिजागऱ्या यांनाही लोखंडच लागते. निघून जाणाऱ्या रोमन अधिकाऱ्याला आपल्या मागे त्या भूमीवर केवळ शत्रू राहणार आहे असे दिसत होते. शेतकरी दिसत नव्हता. आणि मला वाटते, ठाणे उठविण्याच्या प्रत्येक प्रकरणाची खरी किल्ली येथेच आहे. जाणारा मागे काय ठेवतो, काय मोडतो आणि काय पुरतो, यावरून आपल्यामागून येणाऱ्याला तो कोण समजत होता, हे कळते: वैरी, की वारस?

वैरी समजून केलेल्या माघारीचे आधुनिक उदाहरण म्हणजे गॅलिपोलीचे. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानच्या त्या चिंचोळ्या द्वीपकल्पावर ब्रिटिश साम्राज्याच्या फौजा अडकून पडल्या. त्यांत भारतीय पलटणी आणि भारतीय खेचरदळही होते. १९१६ च्या जानेवारीत, ८ आणि ९ तारखांच्या मधल्या रात्री, हेलेस येथील शेवटची तुकडी गुपचूप गलबतांवर चढली. पस्तीस हजारांहून अधिक माणसे तेथून जवळजवळ बिनहानी निघाली. सैन्याच्या माघारीचा तो एक आदर्शच मानला जातो. पण सामानाच्या बाबतीत इंचटुथिलची सवड तेथे नव्हती. गलबतांत जागा नाही म्हणून पाचशेवर खेचरे मारून टाकण्यात आली आणि दीड हजारांहून अधिक गाड्या चाके मोडून सोडून द्याव्या लागल्या. तरीही इतके उरले की तुर्की सैन्याचा जर्मन सेनापती लिमान फॉन सांडर्स याने पुढे त्या लुटीचे सविस्तर वर्णन केले आहे. पीठ आणि डबाबंद अन्न जहाजेच्या जहाजे भरून राजधानीकडे गेले, आणि फाटक्या कपड्यांचे तुर्की शिपाई ब्रिटिश गणवेशांचे नाना प्रकारचे तुकडे जोडून मिरवू लागले. वैऱ्याला काही मिळू नये, हा हेतू दोन्हीकडे एकच. फरक केवळ मिळालेल्या वेळाचा.

याच्या उलट, करार करून सोडलेले ठाणे आपल्याच कोकणात आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या सैन्यापुढे वसईच्या पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. दोन्ही बाजूंची अपरिमित हानी झालेली होती. सूडाला कारणे हवी तितकी होती. तरीही शिबंदीला आणि रहिवाशांना आपले जंगम सामान घेऊन सन्मानाने निघून जाण्यास आठ दिवसांची मुदत देण्यात आली, आणि ती पाळली गेली. मुदत मिळाली म्हणून आग लागली नाही, विहिरी बुजल्या नाहीत. जे मागे राहिले त्यात चर्चच्या घंटाही होत्या. नाशिकला गोदेच्या काठी नारोशंकराच्या देवळावर जी प्रसिद्ध घंटा आहे ती वसईच्या विजयाची खूण म्हणून आपण ओळखतो; तिच्यावर १७२१ हे साल आहे. एका देवासाठी ओतलेली घंटा दुसऱ्या देवापुढे वाजली. मोडून टाकली असती तर ती कोणासाठीच वाजली नसती.

आणि तिसरे एक प्रकरण, जे वैऱ्याचेही नाही आणि वारसाचेही नाही; ते केवळ कलमाचे आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने उधार-उसनवारीच्या करारान्वये ब्रिटिश विमानदलाला लिबरेटर जातीची चार इंजिनांची अवजड बाँबफेकी विमाने दिली होती. युद्ध संपले तेव्हा त्यांपैकी पुष्कळशी कानपूरच्या तळावर उभी होती. करार असा की विमाने परत करावी, नाहीतर ती निकामी करावी. परत नेण्यात कोणालाच स्वारस्य नव्हते. म्हणून ती निकामी करण्यात आली: यंत्रे फोडली, अंगावर घाव घातले, आणि सांगाडे उघड्यावर टाकून दिले. येथे त्या विमानांच्या मागे कोणी शत्रू उभा नव्हता. ज्यांच्या मातीवर ती उभी होती ते लोक लवकरच स्वतंत्र होणार, हे सर्वांना माहीत होते. परंतु करारात वारसाचा रकानाच नव्हता. आणि ज्या रकान्याची वहीत सोय नाही, त्याची नोंद कोणताही भांडारप्रमुख करीत नाही.

पण येथे कथा खड्ड्यापाशी थांबली नाही. १९४८ मध्ये बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी कानपूरच्या त्या भंगाराकडे पाहिले. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये पाया घातलेला हा कारखाना. एका विमानाचे पंख, दुसऱ्याचे इंजिन, तिसऱ्याची चाके असे जुळवीत त्यांनी ती विमाने कशीबशी उडण्याच्या स्थितीत आणली, एकेक करून बंगळूरला उडवीत नेली आणि तेथे त्यांची नीट दुरुस्ती केली. अशी चाळीसच्या आसपास विमाने उभी राहिली. त्यांच्यावर भारतीय विमानदलाचे अवजड बाँबफेकी दळ १९४८ च्या अखेरीस सुरू झाले, आणि १९६८ पर्यंत ही विमाने सेवेत राहिली. पुढे त्यांतलेच एक लंडनच्या विमानदल-संग्रहालयास भारताने भेट दिले. ज्यांनी जी जातीची विमाने निकामी करून टाकून दिली, त्यांच्याच संग्रहालयात तिचा धडधाकट नमुना ज्यांच्यासाठी काहीच ठेवले नव्हते त्यांच्याकडून गेला. याहून सौम्य आणि याहून चोख उत्तर मला माहीत नाही.

परत इंचटुथिलकडे वळू. खिळे बाहेर निघाले तेव्हा, रिचमंड यांच्यापुढेही तोच जुना प्रश्न उभा राहिला: दहा टन लोखंडाचे करावयाचे काय? काही हजार खिळे जगभरच्या संग्रहालयांना आणि विद्यापीठांना गेले, काही धातुशास्त्रज्ञांनी कापून तपासले, आणि उरलेल्यांतील पुष्कळ काही शिलिंगांना एक याप्रमाणे सामान्य लोकांना विकण्यात आले. रोमन अधिकाऱ्याला जो गिऱ्हाईक सापडला नाही, तो पावणेएकोणीस शतकांनी रांगेत येऊन उभा राहिला. त्याला त्या खिळ्याचा भालाही करावयाचा नव्हता आणि फाळही नाही. टेबलावर ठेवावयाचा होता.

आणखी एक उपयोग कोणाच्याच स्वप्नात नव्हता. अणुभट्ट्यांतून निघणारा किरणोत्सारी कचरा लोखंडी पेटाऱ्यांत भरून जमिनीत खोल पुरावयाचा, तर ते लोखंड हजारो वर्षांत किती गंजेल? प्रयोगशाळेत हजारो वर्षे थांबून पाहता येत नाही. तेव्हा शास्त्रज्ञांनी या खिळ्यांचा दाखला घेतला. बाहेरच्या थराने गंजून आतल्याला राखले, हे त्या खड्ड्याने सिद्ध केलेच होते. एका साम्राज्याने आपल्यामागून येणाऱ्याच्या हाती काही लागू नये म्हणून जे पुरले, ते आजच्या माणसाला, आपल्यामागून येणाऱ्या कोणालाही अपाय होऊ नये म्हणून काय व कसे पुरावे, हे शिकवीत आहे. पुरण्याची कृती तीच. पण यात मागून येणाऱ्याचा विचार आहे.

टे नदीकाठचे ते पठार आज शांत आहे. तटाच्या आणि खंदकाच्या मंद उंचवट्या-सखलावरून तळाची हद्द अजून ओळखू येते. चार वर्षांत बांधले आणि मोडले गेलेले ते ठाणे कोणाच्या विजयाचे स्मारक नाही. ते एका नेटक्या निरोपाचे स्मारक आहे. आणि त्या निरोपात जी एक उणीव होती, तिचेही. हुकूम दुरून येतो, कारण आपल्याला कळत नाही, केलेले काम आपल्याच हाताने मोडावे लागते, हे शिपायाच्या आणि सेवकाच्या वाट्याला नेहमीच आले आहे. त्यात त्याचा इलाज चालत नाही. पण चार्ज देताना वहीतला तो तिसरा रकाना भरण्याची वेळ आली म्हणजे एवढे मात्र त्याच्या हाती असते, की लेखणी टेकवण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि विचारावे: माझ्यानंतर या खुर्चीवर कोण बसणार आहे?